केबल कालबाह्य झालेली नाही

रोड सायकल घ्यायला निघालेल्या माणसाला आज जाणकारांकडून एक सल्ला हमखास मिळतो: आणखी चार महिने थांबा, पैसे जमवा, पण घ्यायची तर इलेक्ट्रॉनिक गिअरचीच घ्या, केबलचे दिवस संपले. पुण्या-मुंबईच्या दुकानांतून निघालेला हा सल्ला आता बुलढाणा, खामगाव, चिखलीपर्यंत पोचला आहे. पहाटे हेल्मेट चढवून निघणारे इथले डॉक्टर, शिक्षक, बँकेतले लोक तो एकमेकांना देतात, आणि त्यावर शंका घ्यायला जागा आहे असे कुणाला वाटत नाही. मला मात्र हा सल्ला बुलढाणा जिल्ह्यातल्या बहुसंख्य स्वारांसाठी चुकीचा वाटतो. आपण कोणत्या रस्त्यावर चालवतो आणि बिघाड झाल्यावर आपल्यापाशी काय उरते, हे प्रश्न न विचारताच तो दिला जातो.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. दुबळा करून मांडलेला पक्ष खोडण्यात अर्थ नाही. ग्रुपसेट म्हणजे शिफ्टर, डिरेलर, ब्रेक, क्रँक, चेन आणि कॅसेट यांचा एकत्र बेतलेला संच. मेकॅनिकल संचात हँडलवरचा खटका दाबला की आतली छोटी चक्री फिरते, १.२ मिलिमीटर जाडीची पोलादी वायर ओढली जाते आणि मागचा डिरेलर चेनला एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर ढकलतो. आवरणातून सरकणारी ही वायर म्हणजे बोडेन केबल, १८९६ च्या पेटंटमधली. इलेक्ट्रॉनिक संचात खटक्याच्या जागी बटण असते आणि ढकलण्याचे काम डिरेलरमधली मोटर करते. फ्रान्सच्या माव्हिक कंपनीने १९९० च्या दशकात हा प्रयोग केला, पण तो टिकला नाही. २००९ मध्ये शिमानोचा ड्युरा-एस डीआय२ बाजारात आला आणि मग चित्र बदलले. २०११ मध्ये कँपाग्नोलोचा ईपीएस आला, २०१५ मध्ये स्रॅमने वायरच काढून टाकली. २०२१ मध्ये शिमानोने ड्युरा-एस आणि अल्टेग्रा हे आपले वरचे दोन संच नव्याने आणले ते फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. २०२२ मध्ये १०५ हा मधला संचही डीआय२ झाला.

इलेक्ट्रॉनिकच्या समर्थकांचे मुद्दे खरेच वजनदार आहेत. मोटर दर वेळी तेवढीच सरकते. हात थकला, बोटे गारठली, हातमोजे ओले झाले तरी फरक पडत नाही. वायर नाही म्हणून वायरीचे घर्षण नाही, ती सैल पडत नाही. पुढच्या चेनरिंगवरचा बदल तर इलेक्ट्रॉनिकमध्ये निर्विवाद सरस असतो, कारण मागची चेन कुठे आहे हे पाहून पुढचा डिरेलर स्वतःला थोडा सरकवून घेतो आणि चेन घासत नाही. २०१० च्या तूर द फ्रान्समध्ये पोर द बालेसच्या चढावर अँडी श्लेकची चेन उतरली, तेवढ्यात अल्बेर्तो कोंतादोर पुढे निघून गेला. त्या दिवशी ३९ सेकंदांचे अंतर पडले आणि पॅरिसमध्ये स्पर्धा संपली तेव्हाही दोघांमध्ये बरोबर ३९ सेकंदच होते. पुढे २०१२ मध्ये कोंतादोरचे विजेतेपद काढून श्लेकला दिले गेले ती गोष्ट वेगळी. मोटरने चेन नीट बसवली असती तर, असे म्हणणाऱ्यांना हा दाखला पुरेसा वाटतो.

आणि या सगळ्यांवर त्यांचा एक मुद्दा असा आहे की तो ऐकून माणूस निरुत्तर होतो. ते म्हणतात, जिथे रोड सायकलचा जाणता मिस्त्रीच नाही, तिथे ज्याला मिस्त्री लागतच नाही असा संच घ्यावा हेच शहाणपण. बुलढाण्यासारख्या ठिकाणी तर इलेक्ट्रॉनिकच हवे.

उत्तरापूर्वी आमच्याच बाजूचे काही कच्चे मुद्दे मला बाजूला करायचे आहेत, कारण त्यांनी केबलच्या पक्षाचे नुकसानच केले आहे. बॅटरी वाटेत संपते, हा त्यातला पहिला. शिमानोची बॅटरी एका चार्जमध्ये सुमारे हजार किलोमीटर जाते, स्रॅमची साधारण साठ तास. शिमानोमध्ये बॅटरी संपत आली की आधी पुढचा डिरेलर थांबतो, मागचा चालत राहतो. म्हणजे इशारा मिळतो. स्रॅममध्ये पुढची आणि मागची बॅटरी सारखीच असते, अदलाबदल करून घरी येता येते. बॅटरी न तपासता निघणारा माणूस ट्यूब न घेताही निघतो. त्याचा दोष मोटरवर टाकू नये. दुसरा कच्चा मुद्दा पावसाचा. हे संच वर्षानुवर्षे बेल्जियमच्या चिखलातल्या शर्यतींत धावले आहेत, आपल्या श्रावणसरींनी ते मरत नाहीत. तिसरा मुद्दा वायरलेस यंत्रणा कुणी बाहेरून ताब्यात घेईल हा. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शिमानोच्या वायरलेस गिअरचा संदेश टिपून पुन्हा सोडून दाखवला, हे खरे. कंपनीने त्यावर सॉफ्टवेअरचा उपायही काढला. मोताळ्याच्या रस्त्यावर आपला गिअर बदलायला कुणी दबा धरून बसणार नाही. आणि बटण दाबणे म्हणजे खरे सायकलिंग नव्हे, हा मुद्दा तर मुद्दाच नव्हे. तो निव्वळ अहंकार आहे.

एवढे मान्य करून आता खंडन.

गिअर लवकर बदलला म्हणजे सायकल लवकर पोचते, या समजापासून सुरुवात करू. आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन भागांत बोलला जातो. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे पूर्णेच्या खोऱ्यातले सपाट मुलूख. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार पठारावर. मधे अजिंठ्याच्या डोंगराची कड. मलकापूरहून मोताळा ओलांडून बुलढाण्याला यायचे तर राजूर घाट चढावा लागतो. खामगावहून बोथ्याच्या बाजूने आलात तर ज्ञानगंगा अभयारण्यातला घाट. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो खरा, पण सायकलला तिथे मज्जाव आहे, त्यामुळे स्वाराच्या वाट्याला हेच जुने रस्ते येतात. इथल्या स्वाराची परीक्षा घाटात होते, आणि घाटात त्याला काय कमी पडते? वेगाने गिअर बदलणे कमी पडत नाही. हलका गिअर कमी पडतो.

हिशेब करून पाहा. स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो, चढ सहा टक्के, पेडल मिनिटाला साठ फेरे. पुढे ३६ दात्यांची चेनरिंग आणि मागे सर्वांत मोठी चकती २८ ची असेल, तर २८ मिलिमीटरच्या टायरवर एका फेऱ्यात सायकल सुमारे २.७४ मीटर जाते, ताशी जवळपास १० किलोमीटर, आणि निव्वळ चढाशी झगडायला १२९ वॅट लागतात. तीच लय ठेवून पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर एका फेऱ्यात २.१३ मीटर, ताशी ७.७ किलोमीटर, आणि १०० वॅटमध्ये काम भागते. चाळिशीतल्या, नोकरी सांभाळून चालवणाऱ्या माणसाला घाटाच्या निम्म्यात उतरावे लागणे आणि न उतरता माथ्यावर पोचणे यातला फरक या २९ वॅटमध्ये असतो. आणि शिमानो १०५ च्या बारा गिअरच्या पिढीत मेकॅनिकलला आणि डीआय२ ला कॅसेट तीच बसते: ११-३४ किंवा ११-३६. मोटरने तुम्हाला एकही जास्तीचा गिअर दिलेला नाही.

राहिला सेकंदांचा प्रश्न. घाटभर दहा वेळा गिअर बदलला आणि दर वेळी अर्धा सेकंद वाचला असे उदारपणे धरले तरी पाच सेकंद होतात. खरे तर तेही वाचत नाहीत. कॅसेटच्या चकत्यांवर ठरावीक ठिकाणी उतार कोरलेले असतात, आणि चेन चढते ती त्या उतारावरूनच. ३४-३४ वर मिनिटाला साठ फेऱ्यांनी चढताना कॅसेट सेकंदाला एकच फेरा घेते. तो कोरलेला उतार चेनखाली येईपर्यंत सर्वांत वेगवान मोटरलाही थांबावेच लागते. शर्यतीच्या शेवटच्या पाचशे मीटरमध्ये मिनिटाला शंभर-सव्वाशे फेऱ्यांनी पेडल मारणाऱ्याला मोटरचा जो लाभ मिळतो, तो राजूर घाटात मिळत नाही. श्लेकचे ३९ सेकंद त्याच्यासाठी तूर द फ्रान्स होते. शिवाय चेन आतल्या बाजूला पडू नये यासाठी चेन कॅचर नावाचा छोटासा भाग फ्रेमवर बसतो. त्याला बॅटरी लागत नाही.

इथे प्रतिपक्षाकडून आँरी देग्रांजचे नाव हमखास येते. तूर द फ्रान्सच्या या संस्थापकाने डिरेलरला वर्षानुवर्षे विरोध केला. स्पर्धेची सूत्रे त्याच्या हातून गेल्यावरच, १९३७ मध्ये, डिरेलरला मुभा मिळाली, आणि त्याच वर्षी रोझे लापेबी डिरेलर वापरून जिंकला. केबलचे समर्थन करणारे आजचे देग्रांज, असा हा आरोप. हा दाखला मला आमच्या बाजूचा वाटतो. डिरेलरने स्वाराला त्याच्याकडे नव्हती अशी गोष्ट दिली. त्याआधी चढ आला की उतरायचे, मागचे चाक काढून उलटे बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चकतीवर चेन टाकायची, अशी रीत होती. पॉल द व्हिव्हीसारखे लोक अनेक गिअरचा पुरस्कार करत होते ते सामान्य शक्तीच्या प्रवाशाला डोंगर ओलांडता यावा म्हणून. देग्रांजचा विरोध त्या नव्या सामर्थ्याला होता. मोटरने असे नवे सामर्थ्य आणलेले नाही. तिने आहे तेच काम जास्त सफाईने केले. सफाईची किंमत देणे न देणे हा ज्याच्या त्याच्या गरजेचा प्रश्न आहे, त्यात प्रगती अडवल्याचे पाप कुणाच्या माथी बसत नाही.

आता कंपन्यांनीच मेकॅनिकल बंद केले, या विधानाकडे. वरचे दोन संच इलेक्ट्रॉनिक झाले हे खरे. पण १०५ डीआय२ आणल्यानंतर २०२३ मध्ये त्याच शिमानोने बारा गिअरचा १०५ केबलवरही आणला. त्याच वर्षी स्रॅमने एपेक्सचा मेकॅनिकल बारा गिअरचा संच दिला. शिमानोची क्यूज ही मालिकाही २०२३ चीच, नऊ-दहा-अकरा गिअरची, केबलवर चालणारी आणि शर्यतीपेक्षा टिकाऊपणावर भर देणारी. पुढे ती रोड सायकलच्या हँडलसाठीही आली. ज्या वर्गातली सायकल आपल्याकडचा माणूस प्रत्यक्ष विकत घेतो, त्या वर्गात केबल नुसती जिवंत नाही, तिच्यावर नवे काम चालू आहे. बाजाराचे शिखर पाहून पायथ्याबद्दल निष्कर्ष काढला गेला, एवढेच.

सतत सेटिंग करावे लागते, या तक्रारीत तथ्य आहे, पण तिचे कारण बहुतेकांना चुकीचे सांगितले जाते. नवी केबल ताणते असे म्हणतात. पोलादी वायर त्या ओढीने लांबत नाही. आवरणाची टोके आपापल्या खोबणीत घट्ट बसतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत थोडी ढिलाई येते. डिरेलरजवळची पिळायची टोपी अर्धा-पाऊण फेरा फिरवली की काम होते, पुढे महिनोन् महिने पाहावे लागत नाही. खरी अडचण दुसरी आहे. १९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एसमध्ये टप्प्याटप्प्याने बदलणारे गिअर आणले तेव्हा मागे सहा चकत्या होत्या. आठ चकत्यांच्या कॅसेटमध्ये दोन चकत्यांतले अंतर ४.८ मिलिमीटर असते; अकरा चकत्यांत ते ३.७ च्या आसपास येते, बारात आणखी कमी. जितकी दाटी तितका नेमकेपणा हवा, आणि वायरीचे थोडेसे घर्षणही मग जाणवते. म्हणजे मोटर ज्या दुखण्यावर औषध आहे, ते दुखणे चकत्यांच्या या दाटीने वाढवलेले आहे. शिमानोचा नऊ गिअरचा सोरा किंवा दहा गिअरचा टियाग्रा थोडी धूळ, थोडा वाकलेला हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा), थोडी सुस्त केबल सहन करून चालत राहतो. सपाट रस्त्यावर गटात चालवणाऱ्याला लागोपाठच्या गिअरमधले अंतर कमी हवे असते हे मला समजते. पण शर्यतीत नसलेल्या माणसाने बारा चकत्यांसाठी अडून बसू नये.

घर्षणाचा दुसरा उगम फ्रेममध्ये आहे. गेल्या काही वर्षांत वारा कापण्याच्या नावाखाली सगळ्या केबल हँडलच्या आतून, हेडसेटच्या बेअरिंगमधून वळवून फ्रेममध्ये घालण्याची पद्धत आली. वायरला इतकी तीव्र वळणे घ्यावी लागली की ती सुस्तावणारच. मग म्हणायचे, बघा, केबल चालत नाही! दोष केबलच्या वाटेचा आहे. अशा फ्रेमचे हेडसेट बेअरिंग बदलायचे झाले तर ब्रेकच्या नळ्यासुद्धा काढाव्या लागतात. आपल्याकडे सोयाबीनची काढणी सुरू झाली की रस्त्याकडेला मळणीयंत्रे चालतात, उन्हाळ्यात काळ्या मातीची भुकटी उडते, आणि पावसाळ्यात तीच माती टायर आणि ब्रेकच्या मधे लोण्यासारखी चिकटते. बेअरिंग इथे वरचेवर उघडावे लागते. ज्या फ्रेममध्ये केबल बाहेरून जाते किंवा खालच्या नळीच्या भोकातून आत शिरते, तीच इथे घ्यावी.

आता तो निरुत्तर करणारा मुद्दा: मिस्त्री नाही, म्हणून मिस्त्री न लागणारा संच घ्या. त्यात एक गृहीत लपलेले आहे, की इलेक्ट्रॉनिक संचाला मिस्त्री लागत नाही. चेन तीच, कॅसेट तीच, डिरेलरच्या दोन छोट्या चक्र्या त्याच, आणि सर्वांत महत्त्वाचा तो अॅल्युमिनियमचा हँगर तोच. सायकल उजव्या बाजूला पडली, एसटीच्या डिकीत किंवा टेम्पोत दाबली गेली, की हँगर वाकतो आणि डिरेलर तिरका होतो. मोटरला हे दिसत नाही. ती तितक्याच नेमकेपणे चेन चुकीच्या जागी नेऊन ठेवते. गिअर उडी मारतोय म्हणून येणाऱ्या सायकलींत वाकलेला हँगर, झिजलेली चेन किंवा कोरडी चेन यांचाच भरणा असतो, आणि यातले एकही दुखणे मोटरने जात नाही. माणूस मात्र समजतो की आता काही पाहायचे नाही, आणि चेन पाऊण टक्का लांबली तरी तशीच चालवून महागडी कॅसेट खाऊन टाकतो.

उरले वायरीचे बिघाड. त्यात मेकॅनिकलचा एक खरा दोष आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. शिमानोच्या अकरा गिअरच्या शिफ्टरमध्ये वायर आत फार तीव्र वळण घेते. हजारो वेळा त्याच जागी वाकून तिचे तंतू एकेक करून तुटू लागतात. तुटलेले तंतू आतच अडकले आणि वायरीचे डोके शिफ्टरमध्ये फसले, तर ते काढणे कटकटीचे होते. पण हा बिघाड एका क्षणात होत नाही. आधी मोठ्या चकतीकडे जाताना गिअर आळसावतो, सेटिंग केले की दोन दिवस बरा होतो, पुन्हा बिघडतो. ही खूण ओळखली की वायर लगेच बदलायची. दर वर्षी पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास, वायर आणि आवरण बदलून टाकले की हा प्रश्न उरत नाही.

आणि ती वायर मिळते कुठे? कुठल्याही तालुक्याच्या गावी. आपल्या बाजारात पोरांसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त गिअरच्या सायकलींवर शिमानोचा टुर्नी डिरेलर असतो, आणि त्याची आतली वायर जाडीने आणि डोक्याच्या आकाराने तीच असते जी १०५ ला लागते. मेहकरच्या किंवा जळगाव जामोदच्या सायकल दुकानात ती भिंतीवर टांगलेली सापडेल. खबरदारी आवरणाची घ्यायची. ब्रेकच्या आवरणात तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, गिअरच्या आवरणात तारा सरळ उभ्या असतात. ब्रेकचे आवरण गिअरला घातले तर ते दाबले जाते आणि टप्पे कधीच नीट लागत नाहीत. गिअरच्या आवरणाचा दीड-दोन मीटरचा तुकडा घरात ठेवला म्हणजे झाले. वायरवर घट्ट ग्रीस चोपडू नये, धूळ त्यातच बसते.

समजा ऐन वाटेत मागची वायर तुटलीच. स्प्रिंगच्या ओढीने चेन सर्वांत लहान चकतीवर, म्हणजे सर्वांत जड गिअरवर येते. डिरेलरवरचा हाय-लिमिट स्क्रू आत पिळला की चेन थोडी वरच्या चकतीवर सरकते. वायरीचा मागचा तुकडा शाबूत असेल तर तो हाताने ओढून बाटलीच्या स्टँडच्या बोल्टखाली आवळला, की मधली एखादी चकती कायमची लागते आणि पुढच्या लहान चेनरिंगच्या जोरावर घाट चढता येतो. एक अॅलन चावी आणि एक पेचकस एवढ्यावर हे होते. डिरेलरमधली मोटर किंवा शिफ्टरमधला सर्किटचा तुकडा गेला तर असे काही करता येत नाही. तो बिघाड क्वचित होतो, मला मान्य आहे. पण झाला की चेन जिथे आहे तिथेच राहते, आणि भाग पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो. बारकी वस्तू असेल तर कुरिअरने येईल, नाहीतर सायकल महिनाभर भिंतीला टेकून. ज्याच्या घरी एकच रोड सायकल आहे त्याने बिघाड किती वेळा होतो एवढेच पाहून चालणार नाही. तो झाल्यावर किती दिवस चालवता येणार नाही, तेही त्याने हिशेबात धरावे.

स्पर्धेतले सगळे मोठे लोक इलेक्ट्रॉनिक वापरतात, या युक्तिवादाचे उत्तरही इथेच आहे. तूरमध्ये स्वाराच्या मागे संघाची गाडी असते आणि तिच्या टपावर त्याच्याच मापाच्या सायकली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली तेव्हा आपल्या विदर्भाची मान उंचावली. पण त्या शर्यतीचा नियमच असा आहे की स्वाराबरोबर मदतीची गाडी आणि माणसे असतात. आपल्याकडचे लोक ज्यात उतरतात ती ब्रेव्हे बरोबर उलट आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत, आणि वाटेतल्या नियंत्रण केंद्रांखेरीज बाहेरची मदत घ्यायची नाही. रात्री दोन वाजता काही बिघडले तर स्वाराचे हात आणि खोगिराखालची पिशवी एवढीच सामग्री. पहिल्या प्रकारच्या स्वाराची निवड दुसऱ्या प्रकारच्या स्वाराने डोळे मिटून उचलावी, याला काही आधार नाही.

सुट्या भागांच्या आयुष्याबद्दल एक गोष्ट विसरली जाते. पहिल्या ड्युरा-एस डीआय२ च्या वायरींची पद्धत नंतरच्या पिढ्यांशी जुळत नाही. पुढच्या पिढ्यांची जोडणी २०२१ मध्ये पुन्हा बदलली, अॅडॅप्टर लागू लागले. माव्हिकचा मेक्ट्रॉनिक १९९९ मध्ये आला आणि थोड्याच वर्षांत नाहीसा झाला. मेकॅनिकलमध्येही दहा गिअरचा शिफ्टर अकराच्या डिरेलरला चालत नाही, ही कंपन्यांची खोड दोन्हीकडे आहे, आणि शिमानोचा मेकॅनिकल शिफ्टर आतून खराब झाला तर तोही दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. तरीही वायर, आवरण आणि स्क्रू यांना कुठल्याही सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती लागत नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा मेकॅनिकल संच आजही चिखलीत चालू करून देता येतो.

तो चालू करून देणारा माणूस आपल्याकडे आहे, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. मिस्त्री नाही असे म्हणताना आपण बसस्टँडजवळ, शाळेच्या कोपऱ्यावर पाने-पकडी मांडून बसलेल्या माणसाला मिस्त्री मानत नाही. तो रिमचा आऊट नुसत्या नजरेने काढतो, हबमधले छर्रे बदलतो, वेल्डिंगशिवाय वाकलेले मडगार्ड सरळ करतो. डिरेलरचे दोन लिमिट स्क्रू आणि एक टोपी त्याला समजावायला एक संध्याकाळ पुरते. समजल्यावर तो आपल्यापेक्षा चांगले करतो, कारण त्याच्या बोटांना धातूची ओढ कळते. हे कौशल्य जिल्ह्यात रुजले तर दहा रोड सायकली जास्त चालतील. इलेक्ट्रॉनिक संच घेऊन आपण त्याला या कामातून बाहेर ठेवतो आणि मग तो नाही अशी तक्रार करतो. दोन्ही संचांच्या किमतीतल्या फरकात गिअरची एक साधी सायकल घरात येते. हँगर, चेन, दोन चांगले टायर आणि दर वर्षीची केबल तर सहज येते, आणि त्यातला काही पैसा त्याच्या हाती जातो.

इलेक्ट्रॉनिक कुणी घ्यावे, हे मात्र मी स्पष्ट सांगतो. ज्याच्या बोटांना संधिवात आहे, ज्याचा हात अपघातात अधू झाला आहे, ज्याचे तळवे इतके लहान आहेत की खटका पूर्ण दाबला जात नाही, त्याने घ्यावे. त्याच्यासाठी ती चैन नाही. हजार-बाराशे किलोमीटरच्या प्रवासात हँडलवर रेलून ज्यांची बोटे तिसऱ्या दिवशी बधिर होतात, त्यांनीही विचार करावा. ट्रायथलॉन आणि टाइम ट्रायलच्या सायकलवर ब्रेकपाशी आणि पुढच्या दांड्यांवर अशा दोन्ही ठिकाणी बटणे बसतात, ते केबलला जमत नाही. या स्वारांनी सायकल घेतानाच त्या फ्रेमचा हँगर सुटा मागवून ठेवावा, कारण तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि जिल्ह्यात कुठेच मिळणार नाही. शिफ्टरमधले नाण्यासारखे सेल कोणत्या क्रमांकाचे आहेत तेही पाहून घ्यावे: स्रॅमला २०३२ चालतो, तो घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो, शिमानोच्या नव्या शिफ्टरला १६३२ लागतो, तो शोधावा लागेल. बाकीच्यांनी दुकानात गेल्यावर बटण की खटका हे विचारण्याआधी पुढची लहान चेनरिंग किती दात्यांची आणि मागची मोठी चकती किती दात्यांची, हे विचारावे. ३४ आणि ३४ असे उत्तर आले नाही तर कॅसेट बदलून मागावी, आणि २८ किंवा ३० मिलिमीटरचे टायर बसतील एवढी जागा फ्रेममध्ये आहे का ते स्वतः पाहावे.